पंखा लागला की इंजिन का बिघडतं?

मागच्या भागानंतर सगळ्यात जास्त मेसेज एकाच प्रश्नाचे आले. "दादा, बाहेरचा ईसीयू बसवला, गाडी सुरू होते, पण मधेच येड्यासारखी वागते. मॅप बदलू का?"

थांबा. लॅपटॉप बंद करा, मल्टिमीटर काढा. आधी अर्थ बघू. अर्थ म्हणजे गॅरेजमधली हं, कवितेतला नाही.

आपल्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसलीय. बॅटरीचं मायनस चेसीला जोडलं की अख्खी चेसी शून्य व्होल्ट. मग दिसेल त्या बोल्टला थिंबल मारायचं. हेडलाइटला हे चालून जातं. बल्ब जरासा मंद झाला तर कुणाला कळतंय? पण ईसीयू व्होल्टेज वाचूनच पेट्रोल किती सोडायचं ते ठरवतो. आणि वाटेत जराही रेझिस्टन्स असेल, त्यातून करंट जात असेल, तर तिथे व्होल्टेज पडणारच. शाळेतला ओहमचा नियम, दुसरं काही नाही.

एक खरी केस सांगतो. फॉर्म्युला भारतची तयारी करणाऱ्या एका कॉलेजच्या टीमनं मला बोलावलं होतं. केटीएम ३९० चं इंजिन, ३७३ सीसी, सिंगल सिलिंडर. तक्रार काय, तर रेडिएटरचा पंखा लागला रे लागला, की स्क्रीनवरचं तापमान सात-आठ अंशांनी खाली. आता पाणी एका सेकंदात एवढं गार होतं होय? ईसीयूला वाटायचं, झालं गार, पंखा बंद. बंद केला की तापमान परत वर, पंखा परत चालू. इंजिनचा आवाजसुद्धा त्याच तालावर बदलत होता.

पोरांनी सगळ्या सेन्सरच्या मायनस वायरी एकत्र करून रेडिएटरजवळच्या बोल्टला दिल्या होत्या. पंख्याची अर्थही तिथेच. बोल्टखाली पावडर कोटिंग तसंच. पंखा खेचतो १० अँपिअर. त्या जोडाचा रेझिस्टन्स ०.०१ ओहम धरा. १० गुणिले ०.०१, म्हणजे ०.१ व्होल्ट. पंखा चालू असताना सेन्सरचं "शून्य" हे खरं शून्य नव्हतंच.

एवढ्याशा व्होल्टेजनं काय होतं? तापमानाच्या सेन्सरचं व्होल्टेज वाढलं की ईसीयू इंजिन थंड समजतो. आणि मॅप सेन्सर, म्हणजे इनटेकमधला दाब मोजणारा, तो साधारण २ किलोपास्कल जास्त दाखवतो. आयडलला दाब ४० च्या आसपास असेल तर ही ५ टक्क्यांची चूक झाली. ईसीयू तेवढं पेट्रोल जास्त सोडणार.

मला काळजी वाटली ती पुढच्या गोष्टीची. इंजिन रिच चालतंय म्हणून टीमनं मॅपमधूनच पेट्रोल कमी करायला घेतलं होतं. म्हणजे पंखा बंद असताना, सेन्सर खरं बोलत असताना, इंजिन लीन. सगळ्यात जास्त गुणांची एन्ड्युरन्स असते, जवळजवळ २२ किलोमीटर. तापलेलं इंजिन लीन पळवलं तर पिस्टनची वाट लागू शकते, आणि वर्षभराची मेहनत तिथेच संपते.

मग केलं काय? ईसीयूला सेन्सर ग्राउंडच्या वेगळ्या पिन असतात. त्या वायरी सेन्सरपर्यंत जातात आणि तिथेच संपतात. चेसीला कुठेही शिवायचं नाही. ईसीयूच्या पॉवर ग्राउंडच्या वायरी, ज्यांतून इंजेक्टरचा करंट परत येतो, त्या सगळ्या इंजिन ब्लॉकवर एकाच बोल्टला, पॉलिश पेपरनं धातू चकचकीत करून. ब्लॉकपासून बॅटरीच्या मायनसला जाडजूड केबल. पंख्याची अर्थ थेट बॅटरीला. एवढंच. मॅपला हात लावला नाही, म्हणजे त्यांनी कमी केलेलं पेट्रोल तेवढं परत घातलं.

तपासताना बीपवर विश्वास ठेवू नका. वायरचा एकच तंतू शिल्लक असला तरी मीटर खुशाल बीप करतो. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, काळी प्रोब बॅटरीच्या मायनसला, लाल ईसीयूच्या ग्राउंड पिनवर. इंजिन चालू, पंखा चालू, पेट्रोल पंप चालू, लाइट असतील तर त्याही. मला तिथे ०.०५ व्होल्टच्या आत आकडा लागतो. सेन्सरच्या वायरीत तर जवळजवळ काहीच दिसायला नको.

एकानं विचारलंय, सोल्डर करू का क्रिंप? इंजिनजवळ क्रिंपच. सोल्डर वायरच्या तंतूंत चढतं, तो भाग ताठ होतो आणि व्हायब्रेशननं बरोबर त्याच्या कडेला तुटतो. सिंगल सिलिंडरला तर विचारूच नका.

आणि हो, हे सगळं ट्रॅकच्या गाडीचं बोलतोय. रस्त्यावरच्या गाडीत कंपनीची मूळ रचना बदलायला गेलात तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं.

फ्रेमवर वेल्डिंग करायचं असेल तर आधी बॅटरी सोडवा आणि ईसीयूचा कनेक्टर काढून ठेवा. पुढच्या भागात क्रँक सेन्सरची शील्ड एकाच टोकाला का जोडायची ते बघू. तोवर मीटरचे आकडे पाठवा, फोटोसकट.