जुनी औषधे जातात कुठे?



शिबिराच्या पत्रिकेत माझ्या नावासमोर नुसते 'आरोग्य' असे छापले आहे. त्यातला एक छोटा, सहसा कुणी न बोलणारा भाग मी घेतला आहे : घरात उरलेल्या आणि मुदत संपलेल्या औषधांचे काय करायचे. गेली काही वर्षे मी औषध दुकानाच्या काउंटरमागे उभी असते. गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर, हिच्यापेक्षा स्वस्त आहे का, हे लोक रोज विचारतात. उरलेली कुठे टाकू, असे विचारायला क्वचितच कुणी येते.

प्रत्येक घरात एक डबा असतो. बिस्किटांचा पत्र्याचा नाहीतर मिठाईचा प्लास्टिकचा, फ्रिजच्या डोक्यावर ठेवलेला. त्यात अब्बांच्या बी.पी.च्या अर्ध्या पट्ट्या, धाकट्याच्या तापाचे चिकट झालेले सिरप, दादीच्या डोळ्यांचे थेंब, कोरोनाच्या काळात भीतीने आणून ठेवलेली ॲझिथ्रोमायसिन. दादी गेल्या, अब्बांचा डोस बदलला, ताप उतरला, डबा तसाच. मग रमजानच्या आधी घराची साफसफाई निघते. तेव्हा गोळ्या कचऱ्यात जातात आणि सिरप मोरीत.

मोरीचे आधी सांगते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०-२१ च्या आकडेवारीनुसार देशातल्या शहरांत दिवसाला ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होते आणि प्रत्यक्ष प्रक्रिया होते ती २०,२३६ दशलक्ष लिटरवर. बाकीचे नाल्यात, नदीत. जिथे प्रक्रिया होते तिथली यंत्रणाही मैला आणि घाण काढण्यासाठी बांधलेली आहे, औषधे काढण्यासाठी नाही. औषध निसर्गात पोचले तर काय करू शकते, हे आपण गिधाडांच्या बाबतीत पाहिले आहे. तो कचऱ्याचा मामला नव्हता. गुरांना दिलेले डायक्लोफेनॅक मेलेल्या जनावरातून गिधाडांच्या पोटात गेले, त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि दोन दशकांच्या आत देशातली बहुतेक गिधाडे संपली. २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. तेच औषध माणसांच्या सांधेदुखीवर आजही चालते आणि तुमच्या डब्यात त्याची पट्टी बहुधा असेलच.

आता कचऱ्याची गाडी. मुंबईत देवनारचे डम्पिंग ग्राउंड १९२७ पासून आहे. त्याच्या कडेने गोवंडी, शिवाजीनगर, बैंगनवाडी. तिथल्या ढिगावर कचरा वेचणारे हात मोठ्या संख्येने दलित आणि मुस्लिम कुटुंबांतले आहेत, त्यांत बायका आणि मुले आहेत. मालेगाव, भिवंडी, सोलापूर, तुमच्या गावच्या डेपोवर जाऊन पाहा, चित्र फार वेगळे नसेल. आपण खिडकीतून फेकलेली इन्सुलिनची सुई या हातांत जाते. रंगीत, गोड गोळ्यांची पट्टी लहान मुलाला सापडते. आणि न फोडलेली, चकचकीत पट्टी कुणाला सापडली तर ती पुन्हा विकली जाण्याची शक्यता असते. म्हणून पट्टी अख्खी फेकणे मला सगळ्यांत धोक्याचे वाटते.

उरलेल्या अँटिबायोटिकचा प्रश्न आणखी निराळा आहे. पाच दिवसांचा कोर्स, तिसऱ्या दिवशी बरे वाटले, चार गोळ्या शिल्लक. दोन महिन्यांनी खालाचा घसा दुखतो, अम्मी त्या चार गोळ्या तिला देतात. प्रेमानेच देतात. पण सर्दी-घशाचे बहुतेक आजार विषाणूंचे असतात, त्यांच्यावर ही गोळी चालत नाही. उलट शरीरातले जंतू तिला सरावतात. पट्टीच्या मागे उभी लाल रेघ दिसली, तर ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही, एवढे तरी घरी सांगा. आणि कोर्स किती दिवसांचा हे डॉक्टरांनाच विचारा, मनाने कमी-जास्त करू नका.

इथे एक नाजूक गोष्ट बोलते. आपल्याकडे वस्तू टाकून देण्यापेक्षा कुणाला तरी द्यावी, सवाब मिळेल, अशी भावना असते. चांगली भावना आहे. पण औषध म्हणजे जुना कोट नव्हे. १९९२ ते १९९६ या काळात युद्धात होरपळलेल्या बोस्नियाला जगभरातून औषधे गेली. त्यातली अर्ध्याहून अधिक निरुपयोगी होती : मुदत संपलेली, अनोळखी भाषेतली लेबले असलेली, तिथल्या रोगांशी संबंध नसलेली. १९९६ च्या मध्यापर्यंत सुमारे १७,००० टन औषधांचा ढीग साचला आणि तो नष्ट करण्याचा खर्च त्या उद्ध्वस्त देशाच्या माथी आला. जागतिक आरोग्य संघटनेचे औषधदानाबद्दलचे निकष १९९६ मधलेच. देणाऱ्याच्या देशात जे औषध चालणार नाही ते दान देऊ नये, पोचताना किमान एक वर्षाची मुदत शिल्लक असावी आणि रुग्णांनी परत केलेली औषधे देऊ नयेत, हे त्यांतले मुख्य. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरच्या आणि २०२१ मध्ये चिपळूणच्या पुरात आपल्यातले अनेक जण मदतीला गेले होते. पुढच्या वेळी मोहल्ल्यातून औषधांची पोती गोळा करू नका. तिथल्या डॉक्टरांना यादी विचारा आणि तेवढे नवे घेऊन द्या.

मग घरी काय करायचे? आधी तारीख बघा. पट्टीवर नुसता महिना-वर्ष असेल तर औषध त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत चालते. दुकानदार पट्टी कापून देतो तेव्हा तारीख दुसऱ्या तुकड्यावर राहते. तारखेचा तुकडा मागायला लाजू नका, आणि नाहीच मिळाला तर पेनाने लिहून ठेवा. उघडल्यानंतरची मुदत वेगळी असते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. डोळ्यांचे बहुतेक थेंब बाटली उघडल्यापासून महिनाभर, पाणी घालून तयार केलेले मुलांचे अँटिबायोटिक सिरप साधारण आठवडाभर. नेमके किती ते लेबलावर वाचा. छापील तारीख दोन वर्षे पुढची असली तरी.

टाकायच्या गोळ्या पट्टीतून काढा, पण कुटू नका. काहींची पूड श्वासात जाणे वाईट. उकळलेली चहापत्ती किंवा माती घेऊन त्यात कालवा, म्हणजे कुणी उचलून तोंडात घालणार नाही. जाड पिशवीत घट्ट बांधा. सिरपही असेच, चहापत्तीत किंवा मातीत जिरवून. रिकामी पट्टी कापून सुक्या कचऱ्यात टाका, बाटलीवरचे लेबल फाडा. २०१६ च्या घनकचरा नियमांत मुदत संपलेली औषधे आणि वापरलेल्या सुया 'घरगुती घातक कचरा' म्हणून वेगळ्या धरल्या होत्या. तेव्हा ती पिशवी वेगळी द्या आणि गाडीवरच्या माणसाला तोंडाने सांगा की यात औषधे आहेत. पुण्यात सॅनिटरी पॅडच्या पुडक्यावर लाल ठिपका काढण्याची मोहीम कचरावेचक बायकांनीच चालवली. तसा ठिपका इथेही काढता येईल.

सुयांना टोपण परत लावायला जाऊ नका, बोटाला टोचते. जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात टाकत जा आणि डबा भरत आला की दवाखान्यात विचारून तिथे द्या. दम्याचा पंप फोडू किंवा जाळू नका, तो फुटतो. टी.बी.ची सरकारी औषधे उरली तर आरोग्य केंद्रात आणि कॅन्सरची ज्या रुग्णालयातून आणली तिथे परत करा.

मोरीत टाकू नका या नियमाला एक अपवाद आहे. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने मे २०२५ मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेत फेंटानिल, मॉर्फिन, ट्रामाडॉल, डायझेपाम अशा १७ औषधांची यादी आहे. परत घेण्याची सोय नसेल तर ती संडासात टाकून पाणी सोडावे, कारण त्यांचा एखादा डोसही भलत्याच्या हाती लागला तर जीव जाऊ शकतो. घरात आजारी म्हाताऱ्या माणसाचे निधन झाले की ही औषधे मागे राहतात. मय्यतीच्या गर्दीत त्यांच्याकडे कुणाचे लक्ष नसते. घरातल्या तरुणाने ती उचलून ठेवावीत.

जाळायचे म्हणाल, तर गच्चीवर किंवा शेकोटीत मुळीच नाही. जैववैद्यकीय कचऱ्याच्या भट्टीत दुसऱ्या कक्षाचे तापमान १०५० अंशांच्या आसपास ठेवावे लागते. आणि या भट्टीचेही मी गुणगान करणार नाही. ती कुणाच्या तरी घराजवळच असते. गोवंडीत अशी एक होती म्हणून तिथले रहिवासी उच्च न्यायालयापर्यंत गेले. त्यामुळे आधी घरात कमी आणा. दहाऐवजी पाच गोळ्या हव्या असतील तर पाचच मागा.

केरळच्या औषध नियंत्रण विभागाने २०२५ मध्ये कोझिकोडपासून 'एन-प्राउड' ही योजना सुरू केली आहे : घरोघरची जुनी औषधे गोळा करून शास्त्रीय पद्धतीने नष्ट करायची. मे २०२५ च्या मार्गदर्शिकेतही राज्यांनी आणि केमिस्ट संघटनांनी औषधे परत घेण्याची सोय करावी असे सुचवले आहे. म्हणजे मागणी करायला कागद हाताशी आहे. नगरपालिका, अन्न व औषध प्रशासन आणि तुमच्या गावची केमिस्ट संघटना, तिघांना एकच पत्र लिहा. पेटी ठेवा एवढेच लिहू नका. पेटी भरल्यावर तिची किल्ली कुणाकडे, ती कोण नेणार, कोणत्या परवानाधारक प्रकल्पात नेणार, हे तीन प्रश्न पत्रात घाला. उत्तर लेखी घ्या. उत्तर येईपर्यंत दुकानाच्या किंवा मशिदीच्या दारात स्वतःहून खोके ठेवू नका; उघडे खोके हा मुलांसाठी घरातल्या डब्यापेक्षा मोठा धोका आहे. पेटी मंजूर झाली की तिच्यावरची सूचना मराठीत आणि उर्दूत लिहून द्यायचे काम तुमचे, आणि अक्षर दादींना चष्म्याशिवाय वाचता येईल एवढे मोठे ठेवा.