टॉवरने डोके दुखते का?



टॉवर उभा राहिल्यापासून डोके दुखते, झोप लागत नाही, अशी तक्रार गावोगाव ऐकतो. दुखणे खोटे आहे असे आम्ही म्हणणार नाही. ज्याचे दुखते त्यालाच ठाऊक. प्रश्न एवढाच, की ते दुखवते कोण?

इंग्लंडात एसेक्स विद्यापीठाने याची पारख केली, २००७ साली निष्कर्ष छापले. टॉवरचा त्रास होतो म्हणणारी ४४ माणसे, होत नाही म्हणणारी ११४. खोलीत टॉवरसारख्या लहरी सोडणारे यंत्र. 'चालू केले' असे सांगितले की त्रासवाल्यांना बरे वाटेनासे होई. मग कोणालाच न सांगता कधी चालू, कधी बंद ठेवले. तपासणाऱ्यालाही पत्ता नाही! आता लहरी असोत की नसोत, दुखणे तेवढेच. सहाही वेळा अचूक ओळखणारे त्या ४४ जणांत दोघेच निघाले. म्हणजे भीतीनेही डोके खरेच दुखते. (कर्करोगाचा प्रश्न वेगळा, तो या प्रयोगाने सुटत नाही.)

इंग्लंडचे पुराण इथे कशाला? कपाशीवर फवारणी करून आलेल्या माणसाचे डोके दुखते, मळमळते, डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि घरचे म्हणतात, टॉवरचा त्रास आहे, पडू द्या जरा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. तेव्हा फवारणीनंतर असे काही झाले तर टॉवरकडे बघत बसू नका. अंगावरचे कपडे काढा, साबणाने अंग धुवा, आणि औषधाचा डबा बरोबर घेऊन तडक दवाखाना गाठा.