टॉर्कफ्लाइट ७२७ : जुन्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची पुनर्बांधणी

टॉर्कफ्लाइट हा क्रायस्लर कंपनीचा तीन गिअरांचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. १९५६ मध्ये तो प्रथम इम्पीरियल मोटारीत बसवला गेला. १९६२ मध्ये ॲल्युमिनियमच्या कवचाचा ७२७ हा नमुना आला आणि पुढे डॉज चार्जर, प्लिमथ रोड रनर अशा ताकदवान गाड्यांत तो वापरला गेला. या गाड्या जपणाऱ्यांना आज ना उद्या तो खोलावा लागतो.

या गिअरबॉक्समधली सारी कामे तेलाचा दाब करतो. इंजिनाची शक्ती टॉर्क कन्व्हर्टरमधल्या तेलातून आत येते आणि कन्व्हर्टरच फिरवत असलेला पंप दाब निर्माण करतो. हा दाब पुढचा व मागचा असे दोन बहुचकती क्लच दाबतो आणि ड्रमवर आवळणारे दोन बँड ओढतो. गाडीच्या वेगानुसार गव्हर्नरकडून एक दाब येतो, ॲक्सिलरेटरच्या दांड्यानुसार दुसरा. दोहोंच्या चढाओढीत व्हॉल्व्ह सरकतात व गिअर बदलतो.

मागचा क्लच पुढे जाण्याच्या तिन्ही गिअरांत लागतो. पहिल्या गिअरात त्याच्या जोडीला एकाच दिशेने फिरू देणारा रोलर क्लच असतो, दुसऱ्यात किकडाउन बँड, तिसऱ्यात पुढचा क्लच. रिव्हर्समध्ये पुढचा क्लच आणि लो-रिव्हर्स बँड काम करतात. ही मांडणी ठाऊक असेल तर बिघाड न खोलताच बराचसा ओळखता येतो. तिसरा गिअर आणि रिव्हर्स दोन्ही घसरत असतील तर संशय पुढच्या क्लचवर जातो. रिव्हर्स ठीक, पण गाडी पुढे सरकतच नाही, तर मागच्या क्लचवर. फक्त दुसरा गिअर सुटत असेल तर किकडाउन बँड पाहावा. जोडीला प्रेशर गेज लावून दाब मोजतात आणि तेलाचा रंग व वास तपासतात.

खोलताना पंप काढण्याआधी डायल गेजने इनपुट शाफ्टचा पुढे-मागे होणारा खेळ मोजून ठेवतात. जळालेल्या क्लचप्लेटी नजरेत लगेच भरतात, पण मूळ दोष बहुधा दुसरीकडेच असतो. वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या गाडीत पिस्टनची रबरी सीले कडक होतात, सीलिंग रिंगांनी ड्रममध्ये खाचा पाडलेल्या असतात, बुश झिजलेले असतात. यांतून दाब गळतो, प्लेटी पुरत्या आवळल्या जात नाहीत, घसरतात आणि जळतात. ही गळती न शोधता नुसत्या प्लेटी बदलल्या तर नव्याही जळतात.

व्हॉल्व्ह बॉडीत पोलादी गोळ्या आणि स्प्रिंगा असतात. त्यांच्या जागा नोंदवूनच ती उघडावी. धुतल्यावर प्रत्येक व्हॉल्व्ह स्वतःच्या वजनाने सरकला पाहिजे. कन्व्हर्टर वेल्डिंगने बंद केलेला असल्यामुळे तो घरी नीट धुता येत नाही. तो कापून साफ करणाऱ्या कारखान्याकडे देतात किंवा बदलतात. रेडिएटरमधला तेलाचा कूलर आणि त्याच्या नळ्याही धुवाव्या लागतात, नाहीतर जुना कचरा नव्या कामात उतरतो.

जोडणीपूर्वी नव्या प्लेटी ट्रान्समिशन ऑइलमध्ये भिजवतात. थ्रस्ट वॉशर जागीच राहावेत म्हणून पेट्रोलियम जेली लावतात. खेळ जास्त निघाला तर योग्य जाडीचा वॉशर निवडून तो मर्यादेत आणतात. व्हॉल्व्ह बॉडी बसवण्याआधी कवचातल्या मार्गांत कॉम्प्रेसरची हवा सोडतात. क्लच ‘ठक्’ असा आवाज देऊन लागतो, बँड आवळताना दिसतो. सतत फुसफुस ऐकू आली तर सील पुन्हा तपासावे लागते. बँडचा स्क्रू ७२ इंच-पौंडांनी आवळून, त्या वर्षाच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या फेऱ्यांनी सैल करतात.

कन्व्हर्टर पंपाच्या गिअरात पूर्ण बसल्याखेरीज गिअरबॉक्स इंजिनाला बोल्टांनी ओढून घेऊ नये, पंप फुटतो. तेलाची पातळी इंजिन चालू ठेवून, न्यूट्रलमध्ये पाहतात, कारण या जुन्या टॉर्कफ्लाइटांमध्ये पार्कवर कन्व्हर्टरला तेल पोचत नाही. शेवटी ॲक्सिलरेटरचा दांडा मॅन्युअलप्रमाणे जुळवतात. तो सैल राहिला तर भार असूनही दाब कमी पडतो आणि नव्या प्लेटी थोड्याच प्रवासात जळतात.