बिघडलं तर उघडणार कोण?

(धुळे येथील महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संक्षेप)



पांझरेकाठी बसून मी समुद्रातल्या शर्यतीबद्दल बोलणार, याचं तुम्हाला हसू येईल. जळगाव-धुळ्याला समुद्र कुठला? पण शेवटी मी आपल्या पिठाच्या गिरणीवरच येणार आहे.

ट्रेसी एडवर्ड्स ही इंग्लंडची तरुणी १९८५-८६ च्या व्हिटब्रेड जगप्रदक्षिणा शर्यतीत एका नौकेवर होती, ती स्वयंपाकीण म्हणून. पुढच्या शर्यतीत फक्त बायकांची नौका न्यायची, असं तिने ठरवलं. पैसे द्यायला कोणी तयार होईना. तिने घर गहाण टाकलं आणि ५८ फुटी, खराब झालेली जुनी शिडाची नौका घेतली. तिचं नाव ठेवलं ‘मेडन’. बायकांनीच ती आतून उचकटली, घासली, रंगवली, पुन्हा उभी केली. त्यामुळे कुठे काय बसवलंय, हे त्यांच्या हातांना ठाऊक झालं. वर्तमानपत्रांनी टर उडवली. पण १९८९-९० मध्ये त्या बारा जणींनी दोन टप्पे जिंकले आणि आपल्या गटात दुसरा क्रमांक मिळवला.

नंतर ‘मेडन’ विकली गेली. २०१४ मध्ये ती सेशेल्स बेटांवर बेवारस, मोडकळीला आलेली सापडली. ट्रेसी आणि जुन्या साथीदारिणींनी निधी जमवून ती परत मिळवली. २०१८ मध्ये ती दुरुस्त होऊन पुन्हा समुद्रात उतरली. २०२३-२४ ची ओशन ग्लोब शर्यत तिने जिंकली. जगप्रदक्षिणेची शर्यत जिंकणारा बायकांचा हा पहिलाच चमू. त्यात भारतातल्या दोघी होत्या, पायल गुप्ता आणि धन्या पिलो. गोव्यात बांधलेल्या ‘तारिणी’वरून २०१७-१८ मध्ये नौदलाच्या ज्या सहा जणी पृथ्वीप्रदक्षिणा करून आल्या, त्यांतल्याच या पायल.

आता गिरणी. जळगाव जिल्ह्यातल्या एका गावात आमच्या बचत गटाने कर्ज काढून गिरणी घेतली. पट्टा तुटला, की एकीचा नवरा येऊन बसवून द्यायचा. मग ‘सोयीसाठी’ किल्ली त्याच्याकडे गेली. किल्लीमागून गल्लाही गेला. गिरणी कागदावर बायकांची राहिली, हप्ते मात्र बायकाच फेडत होत्या.

“हाई बायासनं काम नही,” हे वाक्य पुरुषांनी उच्चारलं नव्हतं. आमच्याच बायका म्हणाल्या होत्या, आणि मी गप्प बसले होते. प्रशिक्षणात मी हिशेब शिकवला, पाना हातात दिला नाही. ही चूक माझी.

पुढे गटातल्या दोघी पट्टा बसवायला, दगडाला टाकी लावायला शिकल्या. बोटं सोलली, गावाने चेष्टा केली. पण किल्ली मागायला गेल्या, तेव्हा ती न देण्याचं कारण त्याच्याकडे उरलं नव्हतं.

म्हणून माझं एवढंच म्हणणं आहे. गटाच्या बैठकीत यंत्र घ्यायचं ठरेल, तेव्हा कर्ज किती, व्याज किती, हे जरूर विचारा. त्याबरोबर हेही विचारा, की बिघडलं तर उघडणार कोण? त्या जागी आपल्यातल्या दोघींची नावं लिहिल्याशिवाय ठरावावर सही करू नका.