हजारावा विजय आणि मोजणीचा वाद

अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या फुटबॉल संघाने १८ नोव्हेंबर २०२३ रोजी मेरिलँडचा ३१–२४ असा पराभव केला आणि महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये एक हजार विजय मिळवणारा तो पहिला संघ ठरला. येथे फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडू हातात घेऊन प्रतिस्पर्ध्याच्या हद्दीत मुसंडी मारण्याचा, अंगाला अंग भिडवून खेळला जाणारा अमेरिकन खेळ होय. मिशिगनचा पहिला सामना १८७९ सालचा असल्याने या हजारामागे जवळपास दीडशे वर्षांचा काळ उभा आहे. परंतु त्या आकड्यात काय मोजले गेले आणि ते कोणाच्या अधिकाराने, हा प्रश्न आकड्याहून अधिक मोलाचा आहे, कारण चाहत्यांचे परंपरागत वैर याच मोजणीच्या वादांवर पोसले जाते.

या खेळाचा आरंभ म्हणून ६ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यू जर्सीत रटगर्सने प्रिन्स्टनला ६–४ असे हरवले तो सामना सांगितला जातो. मात्र त्यात दोन्ही बाजूंना प्रत्येकी २५ खेळाडू होते आणि चेंडू उचलून धावण्यास मुभा नव्हती. आजच्या खेळाची घडण येल विद्यापीठाचे वॉल्टर कॅम्प यांच्या पुढाकाराने झाली. त्यांच्या प्रयत्नांतून १८८० मध्ये ‘स्क्रिमेज’, म्हणजे चेंडूचा ताबा एका संघाकडे ठेवून दोन्ही फळ्यांना समोरासमोर उभे करणारी रेषा, आणि १८८२ मध्ये ‘डाउन’, म्हणजे ठरावीक अंतर कापण्यासाठी मिळणाऱ्या मर्यादित संधी, हे नियम आले. हवेतून पुढे चेंडू फेकण्यास तर १९०६ पर्यंत वाट पाहावी लागली. स्वरूपाने इतके भिन्न असलेले सामने एकाच नोंदवहीत एकाच मापाने मांडले जातात. जॉर्जिया टेकने १९१६ मध्ये, आपला संघ आधीच बंद केलेल्या कंबरलँड महाविद्यालयाला २२२–० असे चिरडले, तो विजयही बलाढ्य प्रतिस्पर्ध्यावर एका गुणाने मिळवलेल्या विजयाइतकाच एक विजय म्हणून जमा आहे.

दोन शेजारी संघ एकमेकांविरुद्धची नोंद ठेवतात तेव्हा हा प्रश्न अधिक टोकदार होतो. जॉर्जिया विद्यापीठ फ्लोरिडावरील आपल्या विजयांत १९०४ चा ५२–० असा सामना धरते. फ्लोरिडाच्या मते तो संघ पूर्वीच्या एका संस्थेचा होता, कारण राज्यातील महाविद्यालयांचे एकत्रीकरण होऊन आजचे विद्यापीठ १९०५ मध्ये आकाराला आले. जॉर्जिया आणि जॉर्जिया टेक यांच्यातील वाद याहून हृद्य आहे. दुसऱ्या महायुद्धात जॉर्जियाचे नेहमीचे खेळाडू सैन्यात गेले होते, तर टेकच्या आवारात नौदलाचे प्रशिक्षण चालू असल्याने तेथे खेळाडूंची वानवा नव्हती; १९४३ आणि १९४४ मध्ये टेकने अनुक्रमे ४८–० आणि ४४–० असे विजय मिळवले. टेक हे दोन्ही विजय मोजते, जॉर्जिया मोजत नाही, आणि त्यामुळे दोन विद्यापीठांच्या पुस्तकांत एकाच वैराचा हिशेब आजही दोन वेगळ्या बेरजांवर थांबतो. जॉर्जियाची बाजू भावनेच्या दृष्टीने समजण्यासारखी आहे, पण मैदानात उतरलेल्या संघाचा पराभव मागाहून नाकारणे इतिहासलेखनाच्या कसोटीवर टिकणे कठीण आहे.

हीच कसोटी नियामक संस्थेलाही लावली पाहिजे. महाविद्यालयीन क्रीडास्पर्धांचे नियंत्रण करणारी एनसीएए ही संस्था नियमभंगाबद्दल एखाद्या संघाचे विजय रद्दबातल ठरवू शकते; या शिक्षेचे वैशिष्ट्य असे की विजेत्याच्या खात्यातून विजय पुसला जातो, परंतु हरलेल्याचा पराभव तसाच राहतो. ओहायो स्टेटचे २०१० च्या हंगामातील विजय अशा रीतीने बाद झाले आणि त्यांत मिशिगनवरील ३७–७ हा विजयही होता, म्हणून त्या दुपारी कोणीही जिंकले नाही, मात्र मिशिगन हरले, अशी नोंद आज अस्तित्वात आहे. पेन स्टेटचे ११२ विजय २०१२ मध्ये काढून घेतले गेले आणि २०१५ मध्ये परत करण्यात आले. ज्या गंभीर गुन्ह्यांच्या प्रकरणातून ही कारवाई झाली त्यांतील पीडितांना या वजाबाकीतून काय मिळाले आणि पुनर्बेरजेतून काय हिरावले गेले, याचे उत्तर नोंदवहीजवळ नाही.

मिशिगन आणि ओहायो स्टेट यांच्या वैरात हे सारे प्रश्न एकत्र येतात. पहिला सामना १८९७ मध्ये मिशिगनने ३४–० असा जिंकला, आणि १९६९ ते १९७८ या दशकात बो शेम्बेकलर आणि वुडी हेज या प्रशिक्षकांच्या झुंजीमुळे ही चुरस शिगेला पोहोचली. त्यातील १९७३ चा सामना १०–१० असा बरोबरीत सुटला; बरोबरी टाळण्यासाठी जादा वेळ खेळवण्याची पद्धत १९९६ मध्ये रूढ होईपर्यंत असे सामने तसेच सोडले जात. दोन्ही संघ १९७३ मध्ये अपराजित राहिले, पण बिग टेन या त्यांच्या गटातून केवळ एकाच संघाला हंगामानंतरच्या रोझ बोल या मानाच्या सामन्यास जाता येत असे आणि अन्य कोणताही बोल सामना खेळण्यास बंदी होती. गटातील विद्यापीठांच्या क्रीडासंचालकांनी मतदानाने ओहायो स्टेटला पाठवले. मिशिगनचा क्वार्टरबॅक, म्हणजे डावाची सूत्रे हलवणारा खेळाडू, जखमी झाल्याचा विचार त्यामागे असल्याचे मानले गेले. नोंदवहीत ही बरोबरी आहे, मिशिगनच्या चाहत्यांच्या स्मरणात मात्र तो कागदावर लादलेला पराभव आहे, आणि १९७२ ते १९७४ या तीन हंगामांत केवळ दोन सामने हरूनही त्यांचा संघ एकाही बोल सामन्यात दिसला नाही हे पाहता त्यांचा रोष न्याय्य होता. बिग टेनने १९७५ पासून ही बंदी उठवली. त्या वर्षी मिशिगन ओहायो स्टेटकडून २१–१४ असे हरले, तरीही ऑरेंज बोलला गेले आणि तेथे ओक्लाहोमाने त्यांना १४–६ असे नमवले.