शर्यतीचा वेग आणि घरातील वस्तू
(वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



मोटारींच्या शर्यतीवरून कापडाचे आणि लाकडी सामानाचे नमुने कसे काढावेत, हा विषय बुलढाणा जिल्ह्यातील सभेत मांडावयाचा म्हणजे थोडे धाडसच होय. फॉर्म्युला वनची शर्यत आपल्या देशात ग्रेटर नोएडा येथे २०११ पासून तीन वर्षे झाली आणि थांबली. पण शर्यत म्हणजे काय, हे वऱ्हाडच्या माणसास शिकवावे लागत नाही. शंकरपट आपण पिढ्यान् पिढ्या पाहत आलो आहोत. (त्याला आपण नुसते ‘पट’ म्हणतो आणि संस्कृतात पट म्हणजे वस्त्र, हा योगायोग माझ्या आजच्या विषयास फारच सोयीचा आहे.)

शर्यतीचे नमुने बाजारात पुष्कळ मिळतात. मुलाच्या चादरीवर लाल मोटार छापलेली असते. पलंगालाच मोटारीचा आकार दिलेला असतो. चार वर्षांत पोर मोठे होते आणि पलंग अडगळीत जातो. यास मी नमुना म्हणत नाही; हे चित्र डकवणे झाले. शर्यतीतून घ्यावयाचे ते तिचे काम करण्याचे तंत्र.

इटलीत मिलान येथे कार्लो बुगाटी नावाचे एक कारागीर होऊन गेले. खुर्च्या, टेबले, कपाटे हा त्यांचा धंदा. लाकडावर चामड्याचा पातळ कागद ताणून बसवावयाचा, त्यात पितळेची नक्षी जडवावयाची आणि वर्तुळाकृतींची रेलचेल करावयाची, ही त्यांची रीत. १९०२ च्या तुरिन येथील प्रदर्शनात त्यांचे सामान गाजले. त्यांचा मुलगा एत्तोरे मोटारीकडे वळला आणि १९२४ साली लिऑनच्या शर्यतीत त्याने ‘टाइप ३५’ ही गाडी उतरवली. त्या गाडीचे चाक पाहण्यासारखे आहे. अॅल्युमिनियमचे आठ रुंद आरे आणि ब्रेकचे पिंपही त्याच ओतकामात. चाक काढले की ब्रेक समोर उघडा पडतो, तपासावयास वेगळी खटपट नको. बापाची नक्षी मुलाने उचलली नाही. परंतु वस्तूचा प्रत्येक भाग डोळ्यांस पटला पाहिजे, हा घरचा आग्रह त्याने सोडला नाही, असे मला वाटते.

आता कापडाकडे येऊ. शर्यत संपली की काळ्यापांढऱ्या चौकड्यांचे निशाण फडकते. पोर्शे कंपनीने १९७७ साली आपल्या ९२८ गाडीच्या बैठकीसाठी त्या निशाणावरून एक कापड काढले; त्यास ‘पाशा’ म्हणतात. त्यातील चौकोन सारखे नाहीत. ते क्रमाने रुंद व अरुंद होत जातात, त्यामुळे सपाट कापड वाऱ्यावर हलते आहे असा भास होतो. मोटारीचे चित्र कोठेही नाही, आणि तरीही शर्यत आहे.

हे आपल्या मागावर साधेल काय? ताण्यात चाळीस काळे धागे, मग बत्तीस पांढरे, मग चोवीस काळे, अशी उतरती भरणी केली आणि बाण्यातही तोच क्रम राखला, तर लाट दिसेल. अडचण एकच. साध्या विणीत काळ्या ताण्यावर पांढरा बाणा आला की चौकोन करडा होतो. निखळ काळेपांढरे हवे असल्यास दुपदरी वीण घालावी लागते, आणि तो खर्च सर्वांस झेपणारा नाही. मात्र आपल्या भगिनींच्या हातातील गोधडीला ही अडचण मुळीच नाही. तेथे तुकडा काळा तर काळा, पांढरा तर पांढरा. तुकडे उतरत्या मापाने कापावेत आणि वरून धावदोरा घालावा. खामगावची कापसाची पेठ इतकी मोठी की तिच्यासाठी १८७० साली जलंबहून रेल्वेचा फाटा आला. तेव्हापासून आपण कापूस बाहेर पाठवीत आहो आणि नमुना बाहेरून विकत आणीत आहो. या व्यवहारात मोल कोणाच्या पदरी पडते, ते निराळे सांगावयास नको.

लाकूडकामात तर आपणांस परदेशी जाण्याचेही कारण नाही. आकिल्ले कास्तिल्योनी आणि त्यांच्या बंधूंनी १९५७ साली ट्रॅक्टरची लोखंडी बैठक एका वाकवलेल्या पट्टीवर बसवून स्टूल केले आणि ते जगभर नावाजले गेले. शेतातील अवजाराला जर दिवाणखान्यात मान मिळतो, तर पटाच्या छकड्याला का मिळू नये? छकडा म्हणजे वजन काढून टाकण्याची विद्या. ओझ्याची गाडी भरभक्कम हवी; पटाच्या छकड्यात जे लाकूड काम करीत नाही त्याला जागा नसते. शर्यतीची मोटार बांधणारा अभियंता याहून निराळे काय करतो?

आणि चाक पाहा. तुंबा, आरे, पाटे यांचे सांधे खिळ्याने जोडलेले नसतात. लोखंडी धाव लाल तापवून चढवितात, वर पाणी ओततात. ती आकसते आणि सगळे सांधे एकदम आवळले जातात. याच रीतीने गोल चौरंग किंवा टेबलाची फळी बांधता येईल. ना सरस, ना स्क्रू. फक्त लाकूड पुरते वाळलेले हवे, नाहीतर उन्हाळ्यात धाव सैल पडते. हे चित्रकला शिकलेल्या मुलास ठाऊक नसते; धाव चढविणाऱ्या म्हाताऱ्यास असते.

म्हणूनच मला घाई वाटते. शंकरपटावर २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. २०२१ च्या डिसेंबरात सशर्त मोकळीक मिळाली आणि २०२३ च्या मे महिन्यात घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरविला. ट्रॅक्टर आणि रबरी टायरची बैलगाडी तर त्याच्या कितीतरी आधीपासून आली आहे. लाकडी चाक बनविणारे हात थोडे उरले आणि जुने छकडे गोठ्यामागे पडून आहेत, किंवा चुलीत गेले आहेत. पटाच्या भल्याबुऱ्याविषयी मते भिन्न असू शकतील. बैलाला इजा होऊ नये याविषयी दुमत नसावे. परंतु छकड्याची बांधणी हे स्वतंत्र ज्ञान आहे.

ज्यांच्या घरी असा छकडा किंवा नुसते एक चाक असेल, त्यांनी ते मोडण्यापूर्वी मुलांकडून मोजून घ्यावे. आऱ्यांची संख्या टिपून थांबू नये. आरा तुंब्याजवळ किती जाड आणि पाट्याजवळ किती, पाट्यांचे सांधे आऱ्यांपासून किती अंतरावर, लाकूड कोणते, हे सर्व लिहावे. जवळ कोणी जाणता असेल तर त्यास बसवून घ्यावे आणि तो सांगेल ते त्याच्याच शब्दांत उतरवावे.