डोळ्यावर उतरणारी नागीण

श्रावणांत भंडारा जिल्ह्यांत धानाची रोवणी चालूं असते. दिवसभर चिखलांत वांकून राबणाऱ्या साठीच्या बाईचें कपाळ एका बाजूनें ठणकूं लागलें, तर घरांत प्रथम अर्धशिशीचें नांव निघतें. दोन-तीन दिवसांनीं त्याच बाजूस, केसांपासून पापणीपर्यंत, पाण्यानें भरलेल्या बारीक फोडांचे घोस उठतात आणि शेजारीण म्हणते, 'ही तर नागीण!' येथपर्यंत निदान बिनचूक असतें. चूक होते ती पुढच्या पावलाला.

नागीण उतरविणारा जाणता बोलावला जातो. गेरूचा लेप लागतो, मंत्र पडतो. कांहीं दिवसांनीं फोड सुकतात. ते आपोआप सुकणारच असतात, पण श्रेय गेरूला मिळतें. पाठीवरच्या नागिणींत हा भाबडेपणा एखादे वेळीं खपून जातो. कपाळावर त्याची किंमत डोळ्यानें मोजावी लागते.

नागिणीचीं दोन टोकें जुळलीं कीं मनुष्य दगावतो, ही समजूतहि अशीच निराधार आहे. हा कांजिण्यांचाच विषाणु. बालपणीं कांजिण्या येऊन गेल्या तरी तो शरीर सोडीत नाहीं. मज्जातंतूंच्या मुळांशीं असलेल्या गाठींत पन्नास-साठ वर्षें निजून राहतो. वार्धक्य, मधुमेह, एच्. आय्. व्ही., कर्करोगावरील औषधें अशा कारणांनीं प्रतिकारशक्ति उणावली कीं तो जागा होतो आणि त्याच तंतूच्या वाटेनें त्वचेवर येतो. इंग्लंडांतील एका लहान गांवांत व्यवसाय करणारे डॉक्टर होप-सिंप्सन यांनीं १९६५ सालीं ही उपपत्ति साधार मांडली. उजव्या अंगाचे तंतु निराळे, डाव्या अंगाचे निराळे. म्हणून फोड सहसा कपाळाच्या मधल्या रेषेशीं थबकतात, विळखा पुरा होतच नाहीं.

कपाळाच्या या तंतूची एक शाखा डोळ्यांत शिरते व तीच नाकाच्या शेंड्यालाहि पोंचते. लंडनचे शल्यवैद्य जोनाथन हचिन्सन यांनीं एकोणिसाव्या शतकांतच हें ताडलें होतें. नाकाच्या शेंड्यावर वा त्याच्या बाजूस फोड दिसला कीं डोळा धोक्यांत आहे असें समजावें. ही खूण घरच्या आरशांतहि दिसते. मात्र नाक स्वच्छ आहे म्हणून डोळा निर्धास्त, असा उलट अर्थ कोणीं काढूं नये. उपचार न झाल्यास या जागच्या नागिणींत सुमारें निम्म्या रुग्णांच्या डोळ्याला इजा होते.

औषध आहे, आणि तें दुर्मिळ नाहीं. ॲसायक्लोव्हिर हें भारताच्या आवश्यक औषधांच्या यादींत आहे. त्याच्या शोधाशीं निगडित असलेल्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८ सालीं नोबेल पारितोषिकांत वांटा मिळाला. फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आंत तें सुरू व्हावें. प्रौढांस एरवीं ८०० मिलिग्रॅम, दिवसांतून पांच वेळां, ७ ते १० दिवस; मूत्रपिंडें दुबळीं असल्यास डॉक्टर मात्रा कमी करतात. तेव्हां लाखांदूर-पवनीच्या रुग्णानें जवळच्या सरकारी दवाखान्यांत त्याच दिवशीं गोळ्या सुरू कराव्या आणि मग डोळे तपासण्यासाठीं भंडारा किंवा नागपूर गांठावें. तीन दिवस उलटून गेले तरी जाणें टाळूं नये.

शहरांतील सुशिक्षित घरांत मांत्रिक येत नाहीं. तेथें त्याची जागा दुकानांतून परस्पर आणलेल्या स्टेरॉइडच्या थेंबांची बाटली घेते. हे थेंब कधीं कधीं लागतात, पण नेत्रतज्ज्ञाच्या देखरेखीखालींच. नागिणीविरुद्धची नवी लस भारतांत २०२३ पासून मिळते. पन्नाशीपुढील माणसांसाठीं तिच्या दोन मात्रा असतात. किंमत हजारों रुपयांत असल्यामुळें रोवणीला जाणाऱ्या बाईपर्यंत ती पोंचणें कठीण.

डोळ्यांत काय काय होतें? बुबुळाला सूज येते, व्रण पडतो, पुढें फूल पडतें. आंतला दाब वाढून काचबिंदु होऊं शकतो. क्वचित् मागचा दृष्टिपटलहि नासतो. पण सर्वांत कपटी प्रकार निराळाच. फोड जाऊन महिने लोटतात. कपाळाची आग इतकी कीं पदराचा स्पर्श सोसवत नाहीं. आणि त्याच बाजूचें बुबुळ मात्र बधिर होऊन बसलेलें असतें. धान कापून मळणीला येतें, खळ्यावर तूस उडूं लागतें. निरोगी डोळ्यांत कण गेला तर मनुष्य तत्काळ हातांतलें काम टाकतो. येथें तूस रुतलें तरी कळत नाहीं. पापणी कमी लवते, डोळा कोरडा पडतो, आणि न दुखणारा व्रण खोल जात राहतो. दुखत नाहीं म्हणून कोणी दवाखान्यांत नेत नाहीं.

म्हणून अशा रुग्णानें मळणीच्या दिवसांत डोळ्यांवर चष्मा ठेवावा, घरच्यांनीं रोज उजेडांत लाली पाहावी, आणि फोड बरे झाल्यावरहि कांहीं महिने तपासणी चालूं ठेवावी. त्या वेळीं डॉक्टर कापसाचा एक बारीक तंतु बुबुळाला हलकेच लावून पाहतात. पापणी चटकन मिटली तर ठीक. मिटली नाहीं, तर ओलाव्याचे थेंब आणि पुढची तारीख देऊनच ते रुग्णाला घरीं धाडतात.